अप्पांचा उलटा प्रश्न

अप्पा, तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं आहे. मिळूनही बराच काळ झाला. हैदराबादच्या कॉलेजात एका दुपारच्या तासाला आमच्या बाईंनी ते फळ्यावर थोड्या ओळींत लिहून दाखवलं. मी ते उतरवून घेतलं, आणि शेजारची मुलगी मला म्हणाली, तुझा चेहरा असा काय झालाय, ताप आहे का? ताप नव्हता. त्याच दिवशी तुम्हाला लिहायला बसायला हवं होतं, पण जो माणूस नाही त्याला कागद लिहिणं मला वेडेपणाचं वाटायचं. अजूनही वाटतं. आज लिहिते आहे, कारण काल आपल्या बोरीत एक गोष्ट घडली आणि ती तुम्हाला न सांगता राहणं बरं दिसणार नाही.

तो प्रश्न तुम्ही जेवताना विचारला होता. मी शाळेसाठी सेलूला मावशीकडं राहायची, तिथून सुट्टीला घरी आले होते. तुमची पूजा झालेली, कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओले, आई चुलीपुढं भाकरी थापायलीय, आणि मी शाळेत शिकलेलं तुम्हाला म्हणून दाखवते आहे. आधी उर्दूतून, कारण शाळा उर्दूतून होती, आणि मग आपल्या बोलीत. त्रिकोणाचा एक कोपरा काटकोनात असेल तर लहान दोन बाजूंचे वर्ग मिळवले की मोठ्या बाजूचा वर्ग येतो. तीनाचा नऊ, चाराचा सोळा, दोन्ही मिळून पंचवीस, तो पाचाचा. तुमचा घास हातातच राहिला. तीन-चार-पाच तुम्हाला माहीत होतं. आपल्या दुकानात दोर मिळायचा म्हणून गावात कुणाच्याही घराचा पाया आखायचा असला की तुम्हाला बोलावणं यायचं, आणि तुम्ही दोर घेऊन जायचात. एका बाजूला तीन हात मोजायचे, दुसऱ्या बाजूला चार, आणि त्या दोन खुणांमधलं अंतर बरोबर पाच हात येईपर्यंत खुंटी सरकवायची. आलं की कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात. हे तुम्ही कुण्या गवंड्याकडून उचललं होतं, आणि त्याच्यामागं नऊ, सोळा, पंचवीस आहेत हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही आईकडं बघून म्हणालात, ‘‘ऐकलं का? पोरीनं तीन-चार-पाचाचं कुळ काढलं.’’ आई म्हणाली, ‘‘ऐकायलेय. भाकरी गार व्हायलीय, त्ये बी बगा.’’

मग तुम्ही घास ताटात परत ठेवलात आणि म्हणालात, ‘‘पण हे उलटं झालं की गं.’’ मी म्हटलं, काय उलटं? ‘‘तुज्या पुस्तकात काय हाय? कोपरा काटात असंल तर बेरीज जुळती. आन् मी काय करतो? मी बेरीज जुळवतो, आन् मंग म्हणतो, कोपरा काटात हाय. ह्याची हमी पुस्तकानं कुठं दिलीय?’’ मी हसून म्हटलं, तेच ते, अप्पा. तुम्ही माझ्यावर आवाज चढवल्याचं मला तेवढं एकदाच आठवतं. ‘‘तेच ते कसं? मोटेचा नाडा मागितल्यावर तेच ते म्हणून मी बैलाचा कासरा बांधून दिला तर विहिरीवर चालंल का?’’ मग आवाज खाली आणून, स्वतःच्या कपाळाला बोट लावून म्हणालात, ‘‘आपल्यातला माणूस भस्म लावतो. खरं? मंग भस्म लावलेला दिसला की तो आपल्यातलाच व्हय? तो गंगाखेडचा गोसावी बी लावतो की. म्हणून त्याला सोयरीक विचारायची का?’’ आई पदर तोंडाला लावून हसली. मला हसू आलं नाही, कारण मला उत्तर येत नव्हतं आणि वर्गात माझा पहिला नंबर होता. तुम्ही म्हणालात, ‘‘एवढ्या लोकांची घरं मी त्या उलट्यावर उभी केलीत. पडलं न्हाई कुणाचं. पण न पडणं येगळं आन् खरं असणं येगळं. तेवढं मास्तरला इचारून ये.’’ मी मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, परीक्षेत हे येत नाही. तुम्हाला मी ते सांगितलंच नाही, कारण पुढच्या वेळी मी घरी आले ती वेगळ्याच कारणानं.

काका स्वतः बैलगाडी घेऊन सेलूला मावशीच्या घरी आले. ‘‘चल, अप्पाला बरं न्हाई,’’ एवढंच म्हणाले. मी शाळेत जाते हे काकांना कधीच पसंत नव्हतं, आणि एरवी सेलूपासून बोरीपर्यंत ते मला टोमणे मारत आणायचे. मुलगी शिकली की जावई कुठून आणायचा, बॅरिस्टर बसलाय का जिंतुरात, असलं काहीबाही. त्या दिवशी वाटभर ते एक शब्द बोलले नाहीत. उलट मध्ये एकदा थांबून मला पाणी पाजलं, तेव्हाच मला कळलं की तुम्ही गेलात. मला कळलं, आणि मी बैलांच्या पाठीकडं बघत राहिले. डाव्या बैलाच्या वशिंडाला जूच्या घासण्यानं एक जखम झाली होती. ती मला अजून जशीच्या तशी दिसते. तुमचा चेहरा त्या दिवशी कसा होता, ते दिसत नाही.

कॉलेजातल्या मैत्रिणींना मला नेहमी समजावून सांगावं लागायचं की आपल्यात माणसाला जाळत नाहीत. बसवून मातीत ठेवतात, आणि तो खड्डा गेलेल्या माणसाच्याच पावलानं मोजतात, नऊ पावलं लांब, नऊ पावलं रुंद. त्यांना हे फार विलक्षण वाटायचं. मला मात्र त्यातलं एकच आठवायचं. विधी करायला आलेल्या स्वामींनी तुमच्या तळपायाला एक तुराटी, तुरीची वाळकी काडी, लावली, टाचेपाशी धरून अंगठ्यापाशी मोडली, आणि ती घेऊन ते रुद्रभूमीकडं, आपल्या मसणवट्याकडं, चालू लागले. तुम्हाला मुलगा नव्हता म्हणून मला बायकांमधून काढून पुढं उभं केलं होतं. ऊन कलायला लागलं होतं आणि जमीन उन्हाळ्यानं टणक झालेली. म्हातारा गवंडी, तुमचा दोस्त, म्हणाला, ‘‘डोळ्यानं आखू नका. ह्यानं साऱ्या गावाचे कोपरे तीन-चार-पाचानं धरले. आज त्याचाच वाकडा काढला तर वरून खडे मारंल.’’ दोन-चार माणसं हसली आणि हसता हसता डोळे पुसू लागली. मग अंधार पडायच्या आत उरकावं म्हणून दोन्ही बाजू एकाच वेळी मोजायच्या ठरल्या. त्याला दुसरी तुराटी हवी होती. काका परत वळले, तुमच्याजवळ गेले आणि दुसरी मोडून घेऊन आले.

स्वामींनी त्यांच्या तुराटीनं तीन मोजले. काकांनी त्यांच्या तुराटीनं चार मोजले. तिरकस बाजूला स्वामींची तुराटी पाच वेळा ठेवली आणि गवंड्यानं खुंटी सरकवत सरकवत जुळवून घेतलं. ‘‘बसला,’’ तो म्हणाला. सुतळी ताणली, पुढं नऊ-नऊ पावलांपर्यंत नेली, आणि एकानं कुदळ उचलली.

मी बघत होते. माझ्या बाजूला आत्या छाती पिटत होती, आई वाकून बसली होती, आणि मी सुतळीकडं बघत होते. कोपरा उघडलेला होता. दार पुरतं उघडून वर आणखी थोडं मागं ढकलावं तसा. मला वाटलं, ऊन डोळ्यांवर आहे. मी एक पाऊल सरकून पाहिलं. तरी तसाच. मग माझ्या डोक्यात एक गोष्ट अगदी संथपणे पुढं सरकली. तीन, चार, पाच मोजलेले आपण पाहिले. बाजू खरंच तीन, चार, पाच असत्या तर कोपरा काटकोनात यायलाच हवा होता. कोपरा काटकोनात नाही. म्हणजे बाजू तीन, चार, पाच नाहीत. मोजणं चुकलेलं नाही, म्हणजे माप चुकलेलं आहे. मी म्हटलं, ‘‘थांबा. कोपरा गुण्यात नाही.’’

कुदळ वरच राहिली. काका माझ्याकडं वळले. ‘‘काय म्हणलीस?’’ मी पुन्हा तेच म्हटलं. काका पुढं आले. त्यांचे डोळे रडून सुजले होते आणि आवाज फाटला होता. ‘‘बाप बसलाय तिकडं तुजा, मेलेला! आन् तू कोपरे मोजायलीस? डोळ्यात पाणी तरी हाय का बगा हिच्या! न्हाई ना? शाळेनं काळीज वाळवलं हिचं. आजपासून शाळा बंद.’’ तुमच्यानंतर माझं काय करायचं ते काकांनीच ठरवायचं होतं, आणि ते त्यांनी तिथंच, सगळ्यांदेखत ठरवून टाकलं होतं. मला भीती वाटायला हवी होती. मी गवंड्याला म्हटलं, ‘‘दोन्ही तुराट्या एकीला एक लावून बघा.’’

गवंड्यानं काकांकडं पाहिलं. स्वामींनीच काकांच्या हातातली तुराटी घेतली आणि आपल्या तुराटीशेजारी धरली. काकांची तुराटी एका अंगुळानं आखूड होती. सगळे त्या अंगुळाकडं बघायले. काका म्हणाले, ‘‘मी पायालाच लावून मोडली! शपथ!’’ तेव्हा बायकांमधून आईचा आवाज आला, अगदी रोजचा, मीठ मागावं तसा. ‘‘डाव्या पायाची मोडली असंल. त्यांच्या डाव्या अंगठ्याचं पेर न्हाई. पोरपणी गाडीच्या चाकाखाली गेलंय.’’ काकांनी मान खाली घातली. ते तुमचे धाकटे भाऊ, पण हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि रडून सुजलेल्या डोळ्यांना तुराटी मोडताना दिसलंही नसेल. घराबाहेर तुम्ही कायम वहाण घालूनच असायचात, आणि रोज तुमचे पाय बघणारी माणसं घरात दोनच. मलाही ठाऊक होतं, अप्पा. पण खड्ड्यापाशी उभी असताना मला तुमचं पाऊल आठवलं नव्हतं. मला फक्त कोपरा दिसला होता.

स्वामी म्हणाले, ‘‘उजव्यानं पुन्हा मोजा.’’ पुन्हा मोजलं. नंतर सेलूला गेल्यावर एकदा मी तो हिशेब मांडून पाहिला. उजवं पाऊल चौदा अंगुळं, डावं तेरा. स्वामींची बाजू बेचाळीस अंगुळं, काकांची बावन्न, तिरकस सत्तर. बेचाळीसचा वर्ग सतराशे चौसष्ट, बावन्नचा सत्तावीसशे चार, बेरीज चार हजार चारशे अडुसष्ट. सत्तरचा वर्ग चार हजार नऊशे. मोठ्या बाजूचा वर्ग बेरजेपेक्षा जास्त, म्हणजे कोन काटकोनापेक्षा मोठा, उघडलेला. तो कमी भरला असता तर कोपरा आत मिटला असता. हे सगळं बरोबर जुळलं तेव्हा मला बरं वाटलं. बरं वाटलं हे लिहिताना विचित्र वाटतं, पण तसंच झालं.

घरी परतल्यावर स्वयंपाकघरात काकू दुसऱ्या बायकांना सांगत होती, ‘‘एक टिपूस न्हाई बाई पोरीच्या डोळ्यात. उलट वरून माणसांना शिकवायली.’’ आई भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, ‘‘त्यांचा कोपरा सरळ झाला न्हवं? मंग गप बसा.’’ काकू भांडी आवरायला लागली. पुढं शाळेचा विषय कुणी काढला नाही, आणि मीही काढला नाही. मी पाणी भरत होते, दुकानातल्या दोराची वेटोळी झाडून ठेवत होते, सांगतील ते करत होते. शाळा बंद म्हणजे बंद, असं मी मनात म्हणायची आणि मनात त्याचं काहीच व्हायचं नाही. मग एका सकाळी काका दारात येऊन उभे राहिले. ‘‘बोचकं बांध. गाडी जुपलीय.’’ मी विचारलं, कुठं? ‘‘सेलूला. आन् कुठं? इथं ऱ्हायलीस तर रोज माजी एक चूक काढशील. जा, मास्तरांच्या काढ.’’ वाटभर त्यांनी पुन्हा टोमणे मारले. जावयावरून, बॅरिस्टरावरून. त्यांनी मला हाकलून दिलं की पाठवलं, हे मला तेव्हा कळलं नाही. मी विचारलं नाही, आणि नंतर विचारायची वेळ निघून गेली.

पण तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती मला फार पुढं उमगली. खड्ड्यापाशी मी ज्यावर उभी राहून बोलले ते पुस्तकातलं प्रमेय नव्हतंच. बाजू तीन, चार, पाच असतील तर कोपरा काटकोन असलाच पाहिजे, असं मी धरून चालले होते. ते तर तुमचं उलटं होतं. ज्याची हमी कुणी दिली नव्हती तेच मी साऱ्या गावापुढं खरं धरलं, आणि तुमचाच प्रश्न अनुत्तरित ठेवून तुमचा कोपरा सरळ करून घेतला. ते खोटं निघालं असतं तर काकांचं म्हणणं खरं ठरलं असतं, आणि मी आज भाकरी थापत असते. भाकरी थापण्यात कमीपणा नाही. पण मग तुमचा प्रश्न विचारायला कुणी उरलं नसतं.

हैदराबादला उर्दूत त्या उलट्याला ‘अक्स’ म्हणत, म्हणजे आरशातली प्रतिमा. बाईंनी सांगितलं की आरशातलं सगळं खरं असतंच असं नाही, प्रत्येक वेळी वेगळं सिद्ध करावं लागतं. मला गंगाखेडचा गोसावी आठवला. मग त्यांनी जे केलं ते इतकं सोपं होतं की मी पेन खाली ठेवलं. आपला त्रिकोण बाजूला असू द्यावा, म्हणाल्या. त्याच्या दोन लहान बाजू घ्याव्यात, तेवढ्याच, आणि वेगळ्या जागी दुसरा त्रिकोण काढावा, पण हा मुद्दाम काटकोनातच काढावा. आता हा दुसरा काटकोनातला आहे, म्हणून पुस्तकातलं सरळ प्रमेय त्याला लागू. त्याच्या मोठ्या बाजूचा वर्ग म्हणजे लहान दोघींच्या वर्गांची बेरीज. पण आपल्या पहिल्या त्रिकोणातही मोठीचा वर्ग तेवढाच आहे, तीच तर आपली अट होती. म्हणजे दोघांच्या मोठ्या बाजू सारख्या. लहान बाजू आधीच सारख्या. तिन्ही बाजू सारख्या असलेले दोन त्रिकोण एकावर एक ठेवले की तंतोतंत बसतात, कोपऱ्यावर कोपरा. दुसऱ्याचा कोपरा काटकोन, म्हणून पहिल्याचाही. एवढंच, अप्पा. तुम्ही आखलेली सगळी घरं खरी होती. पदवीच्या निकालाच्या दिवशी मैत्रिणींनी माझ्या तोंडात पेढा घातला, आपल्या घरातली पहिलीच पदवी म्हणून आईनं साऱ्या गल्लीत गूळ वाटला, आणि मी त्या दिवशीही मनाशी एवढंच म्हटलं की हे उत्तर मी अप्पांसाठी ठेवलं आहे, ते कुणाला सांगायचं नाही. का नाही, ते मला सांगता आलं नसतं. जवळ काही तरी असावं म्हणून असेल.

आता कालचं. मी बोरीत मुलींचा वर्ग काढायचं म्हणते आहे. खाजगी शाळेला सरकारची परवानगी लागते आणि ती मिळत नाही, म्हणून काकांनी दुकानाच्या शेजारी एक खोली बांधायला काढली आहे आणि कुणी विचारलं की सांगतात, सरकीचं गोदाम. काल पाया आखायचा होता. गवंडी आता नाही, त्याचा मुलगा आला होता. काकांनी दुकानातून नवा दोर काढला आणि सगळ्यांसमोर मला हाक मारली, ‘‘ये मास्तरीणबाई. तूच धर कोपरा. मागाहून थांबा म्हणण्यापेक्षा आधीच धर.’’ माणसं हसली. मी मोजलं, आम्ही खुंट्या ठोकल्या. मग गवंड्याचा मुलगा सहज म्हणाला, तीन-चार-पाच आलं की काटकोन येतोच, हे कशावरून? काका माझ्याकडं बघायले. आणि मी सांगितलं. मातीत काडीनं पहिला त्रिकोण काढला, शेजारी दुसरा, आणि बाईंनी सांगितलं तसं सगळं सांगितलं. काका गुडघ्यावर हात ठेवून वाकून ऐकत होते. संपल्यावर ते म्हणाले, ‘‘थांब. पहिला काटात हाय हे तू दुसऱ्यावरनं काढलंस. मंग तो दुसरा काटात हाय, हे कशावरनं?’’

मी दुसऱ्या त्रिकोणावर काडी टेकवली. म्हटलं, ‘‘तो आपण स्वतःच काटात काढलाय, काका. तिथूनच सुरुवात केली.’’ त्यांनी मातीतल्या रेघेवरून बोट फिरवलं, आणि म्हणाले, ‘‘मंग जमलं. मंग दादाचं सगळं बरोबर व्हतं म्हण की.’’ मी हो म्हटलं. ते उठले, आणि तोंड पलीकडं करून बराच वेळ दोर गुंडाळत राहिले. आखूडच दोर होता तो.

तर उत्तर हे असं दिलं गेलं. जे तुमच्यासाठी ठेवलं होतं ते मी काकांना देऊन टाकलं, आणि त्यांनी तो प्रश्न विचारला जो तुम्ही विचारला असता. त्यामुळं या कागदात तुमच्याकडं पाठवण्यासारखं नवं काही उरलेलं नाही, आणि पाठवायचा कुठं हाही प्रश्न येत नाही. एकच सांगायचं आहे. मातीत त्या रेघा ओढताना, दुसरा त्रिकोण पहिल्यावर बसतो हे त्यांना दाखवताना, मला तुमची आठवण आली नव्हती, अप्पा. मला ते सांगायला आवडत होतं, एवढंच.